घोडा, चाप आणि कानस

कोकणातल्या जुन्या घरात ठासणीची बंदूक दिसली की शहरातला पाहुणा हमखास विचारतो, "शिकार करायचात वाटतं?" त्याला काय सांगणार! आमच्या कणकवलीकडच्या वाड्यांमध्ये बंदूक ही कोयती, इरलं, कांबळं यांच्याच रांगेतली वस्तू. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. एका रात्रीत कुणग्याच्या कुणगा लोळवून जायची. त्यासाठी मचाण, मशाल, पत्र्याचा डबा आणि सगळ्यांत शेवटी बंदूक. बार बहुतेक वेळा हवेतच काढायचा. आवाजाने कळप पांगला म्हणजे झालं.

या बंदुकीचा इतिहास सांगायचा तर तिच्या नळीपेक्षा चापाचा सांगावा. नळी म्हणजे एका टोकाने बंद केलेली लोखंडी नळी, तिच्यात फारसं काही लपलेलं नाही. माणसाचं बोट आणि दारूची ठिणगी यांच्यामध्ये जे काही आहे, तिथे खरी कारागिरी आहे. आणि ते बिघडलं तर कुणाकडे न्यायचं, हा प्रश्नही तिथूनच सुरू होतो.

शिवकाळात आपल्याकडे चालायची ती तोड्याची बंदूक. पेटती जामगी एका वाकड्या कांबीत धरलेली, चाप दाबला की ती कांब खाली यायची आणि कानाजवळच्या दारूला जामगी लागायची. हे काम कुणाही लोहाराला जमण्यासारखं. बिघडलं तरी गावातच दुरुस्त व्हायचं. युरोपात चकमकीची बंदूक सर्रास झाल्यावरही आपल्याकडे तोडा इतकी वर्षं टिकला, त्याचं हे एक मोठं कारण. चकमकीच्या बंदुकीला घोडा आला, त्याला जोरदार कमान आली आणि घोडा अडवून धरणाऱ्या खाचा आल्या. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्र्याच्या कारखान्यात बंदुका आणि तोफा करायला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस ठेवावा लागला, तो याचसाठी. कांब वाकवणं निराळं आणि खाच बसवणं निराळं.

1807 साली स्कॉटलंडातल्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने आपटल्यावर पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची केप निघाली. केपेवर घोडा आपटतो, ठिणगी नळीत जाते, बार उडतो. आमच्याकडच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका याच जातीच्या.

आता घोड्याचं पोट जरा उघडून बघू. आत एक चाक, त्याला दोन खाचा. पहिल्या खाचेत अडकला तो अर्धा घोडा. तिथे चाप दाबला तरी घोडा पडता कामा नये. दुसऱ्या खाचेत अडकला तो पुरा घोडा. तिथे चाप ओढला की खिट्टी निसटते आणि घोडा पडतो. सगळा मामला खाच आणि खिट्टी यांच्या तांदळाएवढ्या जागेचा आहे. त्या जागेवर जुने कारागीर हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात लोखंड तापवून, पाणी देऊन, वरचा पातळ थर काचेसारखा कठीण करत. आत मात्र लोखंड मऊच. का? सगळंच कठीण केलं तर तुकडा पडेल, सगळंच मऊ ठेवलं तर झिजेल.

आणि इथेच कानस घात करते. चाप जड लागतो म्हणून कुणी खाचेवर चार हात कानस मारली, तर पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा चालतो. माणूस खूश होतो. पण कठीण साल गेलेली असते. खालचं मऊ लोखंड प्रत्येक बाराला थोडं थोडं झिजतं आणि एक दिवस अर्धा घोडा अर्धा राहत नाही.

आमच्या वरच्या वाडीत 1970 च्या आसपास असंच घडलं. एका शेतकऱ्याने चाप घरीच हलका करून घेतला होता. "शहरात कोण जातो, घरात कानस आसा मां!" असं तो म्हणायचा. एक पावसाळा निघाला. दुसऱ्या वर्षी अश्विनात मचाणावरून उतरताना त्याने बंदूक खाली पुतण्याच्या हातात दिली. घोडा अर्ध्यावर होता. दस्ता शिडीच्या पायरीवर आपटला आणि बार झाला. छर्रे पोराच्या पोटरीत गेले. डोलीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण पाय कायमचा लंगडला. त्यानंतर त्या घरात मचाणावर कुणी बंदूक नेली नाही.

माझ्या आजोबांच्या बंदुकीचाही चाप त्याच सुमारास जड झाला होता. पावसाळी हवेने आत गंज धरलेला. गावचा लोहार त्यांचा बाळपणीचा मित्र. सगळ्या गावाच्या कोयत्या आणि फाळ त्याच्या हातचे. पाणी देताना पोलादाचा रंग पिवळ्यावरून निळ्याकडे सरकतो तो क्षण त्याला बरोबर कळायचा. आजोबांनी बंदूक त्याच्यापुढे ठेवली. त्याने घोडा दोनदा वर-खाली केला, कान लावून ऐकलं आणि बंदूक परत दिली. म्हणाला, "कमान मोडली आसती तर मी नवी करून दिली आसतंय. पण ह्या खाचेक मी हात लावचंय नाय. चाप हलको झालो म्हंजे बंदूक बरी झाली, असां नाय."

त्याला हुन्नर नव्हता असं नाही. त्याला आपल्या हुन्नराची हद्द माहीत होती. शिवाय दुसरी एक हद्द सरकारने आखलेली होती. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी गावोगावची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक बाळगायला, करायला, विकायला परवाना लागू झाला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. पुढारी मंडळींनी या भेदाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रार केली ती उगाच नव्हे. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला आणि तो 1962 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट आहे, म्हणून आमच्यासारख्यांना सातबारा दाखवून परवाना मिळायचा. पण त्याच कायद्याने धंदा म्हणून बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लावला. म्हणजे लोहाराने चार पैसे घेऊन खाच बसवली असती, तर तो गुन्हेगार ठरला असता. ज्याच्या आजा-पणजाने कदाचित तोड्याच्या बंदुका दुरुस्त केल्या असतील, त्याच्याच भात्यापुढून बंदूक अशी कायमची उठली.

तेव्हा आजोबा परवाना घेऊन, बंदूक कांबळ्यात गुंडाळून, फोंडा घाटाने वर गेले. परवानाधारक कारागिराने आधी परवाना वाचला, बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला, वहीत नोंद केली आणि मगच पेचकस हातात घेतला. त्याने चाप हलका केला नाही. आतला गंज काढला, खिट्टी नवी बसवली, तिला पाणी दिलं, घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाबून पाहिला, दस्ता जमिनीवर ठोकून पाहिला. मग रिकाम्या नळीवर नुसती केप उडवून दाखवली. "चाप थोडा जडच राहू द्या, रात्रीची बंदूक आहे," एवढंच म्हणाला.

हे सगळं सोपं नव्हतं हेही सांगायला हवं. बंदूक महिनाभर तिकडे राहिली, आणि तो महिना नेमका भाताचा. खालचा कुणगा डुकरांनी साफ केला. गाडीभाडं, मजुरी, दोन खेपा. आजी म्हणाली, "ह्या पैशात भात इकत घेतला आसता." तिचंही खोटं नव्हतं. घरी कानस लावणारा माणूस मूर्ख असतो असं नव्हे. त्याच्यापुढे उभं पीक असतं, खिसा रिकामा असतो आणि कारागीर घाटापलीकडे असतो. फक्त पीक गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा येतं, हा हिशेब त्या घाईत राहून जातो.

पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि डुकरावर बार टाकायलाही परवानगी लागू लागली. 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा परवान्यासाठी रत्नागिरीच्या खेपा तेवढ्या वाचल्या. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या, मग परत आणायच्या, हे अजून चालू आहे. म्हातारे परवानेदार गेले, मुलं मुंबईला, आणि बंदुकीचा कारागीर शोधायचा तर आता आणखी लांब जावं लागतं. डुकरं मात्र आहेत, त्यांच्या जोडीला माकडं आणि गवेही आले.

ज्यांच्या घरी अशी बंदूक अजून परवान्यावर आहे, त्यांनी तेल-फडकं जरूर करावं, नळी पुसावी, दस्त्याची भेग बघावी. तेवढं घरचं काम. चाप जड वाटला, घोडा अर्ध्यावर लटपटला, तर बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी आणि परवाना असलेल्या कारागिराकडे न्यावी. तोवर राखणीला पत्र्याचा डबा आहेच.