अडकित्त्यापासून चकतीपर्यंत

वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायचा छंद अमेरिकेत जुना. १८८४ साली जॉन बार्लोनं आयडियल कंपनी काढली. तिचं अवजार म्हणजे अडकित्त्याचा थोरला भाऊ. पण मापागणिक अडकित्ता निराळा!

पुढे प्रोग्रेसिव्ह प्रेस आला. दांडा ओढला की चकती एक घर सरकते. कुठं टोपी, कुठं दारू, कुठं गोळी. बँकेतलं टोकन इतक्या शिस्तीत कधी फिरलं नाही!

माप बदललं की चकती नि साचे बदला. ती खरेदी चुकत नाही. पिना-स्प्रिंगा जादा ठेवाव्यात, त्या रविवारीच मोडतात. पण पहिला खर्च दारू तपासणाऱ्या भोंग्यावर. पिस्तुलाच्या काडतुसात कित्येकदा दुप्पट दारू पडली तरी वर गोळी बिनतक्रार बसते, आणि पिस्तूल हातातच फुटतं. आमचा दुबार पडलेला आकडा निदान संध्याकाळी ताळा घेताना सापडतो. बाकीचे दिवे-पेट्या बोनस मिळाल्यावर!