चिखलाने लिहिलेला इतिहास : डोंगरउतारावरच्या सायकलचा टायर

#थ्रेड

१/ तीव्र उतार, पावसाने लोण्यासारखी झालेली माती आणि त्यावरून ताशी ४०-५० किलोमीटरने खाली येणारा सायकलस्वार. त्याच्या आणि दरीच्या मध्ये असते ते दोन टायरांखालचे तळहाताएवढे रबर. ते रबर कसे असावे, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्याच्या उत्तराला शतकभराचा इतिहास आहे.

२/ आरंभ अमेरिकेतून. १९३३ साली श्विन कंपनीने २६ इंची चाकासाठी २.१२५ इंच रुंदीचा ‘बलून’ टायर बाजारात आणला. ग्राहक कोण? मुख्यतः मुले. खड्डे, फुटपाथाच्या कडा यांवरून सायकल बेधडक जावी, एवढाच हेतू. डोंगराचा विचारही कोणाच्या मनात नव्हता.

३/ चार दशकांनी कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यातील तरुणांनी याच जुन्या, भंगारात निघालेल्या सायकली डोंगरावर नेल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली : सुमारे दोन मैलांत १३०० फुटांचा उतार.

४/ नावाची कथा रंजक आहे. या सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. तो मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेला. एका उतारात हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे ‘रिपॅक’!

५/ जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही माउंटन बाइकच्या इतिहासातील ठळक नावे याच मंडळीतली. त्यांच्या आवडीचा टायर होता युनिरॉयलचा ‘नॉबी’ : २६ इंची, अंगावर रबरी गोट्या असलेला. पुढे नव्या सायकली घडवताना चाकाचे माप याच टायरवरून ठरले. जे उपलब्ध होते, तेच प्रमाण झाले.

६/ येथे भूगोल ध्यानात घ्यावा. मरिनच्या वाटा म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी कापलेले रुंद मातीचे रस्ते. वर्षाचा मोठा भाग कोरडे; धूळ आणि खडी यांचे राज्य. म्हणजेच माउंटन बाइकचा पहिला टायर कोरड्या जमिनीचे अपत्य होता.

७/ त्याच काळात अटलांटिकपलीकडे इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांत जेफ अ‍ॅप्स नावाचा गृहस्थ निराळाच प्रश्न सोडवत होता. त्याची जमीन ओली आणि चिकट. १९७९ च्या सुमारास त्याने चिखलासाठी स्वतंत्र सायकल रचली आणि तिला टायर निवडले थेट फिनलंडचे : बर्फासाठी बनवलेले ‘हाक्कापेलिट्टा’.

८/ हे टायर बनवणारी कंपनी कोणती? नोकिया! होय, पुढे मोबाइल फोनमुळे आपल्या घराघरांत पोहोचलेली तीच. रबर हा तिचा जुना व्यवसाय. टायरविभाग १९८८ मध्ये वेगळी कंपनी झाला.

९/ अ‍ॅप्सने हे टायर फिशर आणि केली यांनाही पाठवले. ते २६ इंचांपेक्षा मोठ्या चाकांचे होते. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते, हा गुण त्यांना कळला. परंतु फिनलंडहून होणारा पुरवठा अनियमित होता. अखेर २६ इंचच रूढ झाले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टंपजंपर’ मोठ्या संख्येने विकण्यासाठी आली, तीही त्याच मापाची.

१०/ पुढचा काळ बोलका आहे. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबीच्या ‘नॅनोरॅप्टर’ टायरने २९ इंची माउंटन बाइकचा मार्ग मोकळा केला. डाउनहिल वर्ल्ड कपमध्ये २९ इंची चाके खऱ्या अर्थाने अवतरली ती २०१७ साली, लूर्दच्या शर्यतीत. विस्मृत पर्यायाला परतायला साडेतीन दशके लागली. प्रमाण ठरते तेव्हा नेहमीच सर्वोत्तम वस्तू जिंकत नाही; वेळेवर मिळणारी जिंकते.

११/ आता चिखलाकडे. सपाट वाटेवर टायर घसरला तर कपडे मळतात. तीव्र उतारावर हाडे मोडतात. शिवाय चाक लॉक झाले की ब्रेक निरुपयोगी ठरतो. थांबवण्याची शक्ती शेवटी जमिनीच्या पकडीतूनच येते. कोरड्या वाटेच्या टायरवर गोट्या आखूड आणि दाट असतात. त्यांच्यामधल्या फटी चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत होतो.

१२/ म्हणून चिखलाच्या टायरची रचना उलट असते. गोट्या उंच, टोकदार आणि विरळ : उंची वरचा मऊ थर भेदून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी, विरळपणा फिरताना चिखल झटकला जावा यासाठी. टायर बहुधा किंचित अरुंदही असतो. रुंद टायर चिखलावर तरंगतो. अरुंद टायर चिखल कापून आत उतरतो.

१३/ मात्र प्रत्येक गुणाची किंमत असते. ओल्या मुळांवर आणि दगडांवर हेच लांब काटे वाकतात व चाक सटकते. यावर शर्यतींतील मेकॅनिकांनी काढलेला उपाय अगदी साधा : पकडीने काटे हातानेच छाटणे! अर्ध्या उंचीचे काटे मातीतही रुततात आणि मुळावरही ताठ राहतात. पुढे कंपन्यांनी असे टायर तयारच विकायला आरंभ केला. वर्कशॉपमधली युक्ती कॅटलॉगमध्ये पोहोचली.

१४/ उतार तीव्र असला की भार पुढच्या चाकावर येतो. दिशा आणि बहुतांश ब्रेकिंग तेथूनच. म्हणून एकच चिखलाचा टायर घेणे शक्य असेल तर तो पुढे लावावा. रबर मऊ असावे, कारण ओल्या दगडाला तेच चिकटते. ते लवकर झिजते, हे मान्य करूनच. आणि टायरची भिंत दुहेरी, जाड असावी; म्हणजे हवा थोडी कमी ठेवूनही रिम आपटण्याचा धोका घटतो.

१५/ या साऱ्याची कसोटी पाहायची असेल तर ४ सप्टेंबर २०११, शाँपेरी, स्वित्झर्लंड. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. जगातील अत्यंत तीव्र उतारांपैकी एक आणि वर पाऊस. भलेभले घसरत असताना इंग्लंडचा १९ वर्षांचा डॅनी हार्ट ११ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. ज्या खेळात निकाल बहुधा एका सेकंदाच्या आत लागतो, तेथे ही तफावत अविश्वसनीयच. श्रेय कौशल्याचे, पण हातातले कौशल्य जमिनीपर्यंत नेतो तो टायरच.

१६/ निष्कर्ष. वस्तूंचा इतिहास वाचताना ‘कोणी शोध लावला’ याबरोबरच ‘कोणत्या जमिनीवर’ हेही विचारावे. कॅलिफोर्नियाच्या धुळीने एक टायर घडवला, चिल्टर्नच्या चिखलाने दुसरा मागितला. टायर निवडतानाही नियम तोच : कंपनीचे नाव नंतर पाहावे, आधी वाटेवरची माती मुठीत घेऊन पाहावी.

एखाद्या वस्तूचे माप असेच योगायोगाने ठरल्याचे दुसरे उदाहरण ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. थ्रेड समाप्त.