लोणारच्या गाळात मिथेन बनवणारे जीव सापडले, पण त्यांच्या नावापुढे 'एसपी.' का?

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या घरात गोबरगॅसवर चहा उकळतो, तेव्हा शेगडीत जळत असतो तो मुख्यतः मिथेन. तो बनवणारे सूक्ष्मजीव बॅक्टेरिया नाहीत, 'आर्किया' नावाच्या वेगळ्याच गटातले आहेत. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून शेणाची बंद टाकी, भाताचं खाचर आणि पाणथळ जागेचा गाळ ही त्यांची घरं.

वऱ्हाडातलं असं मोठं घर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. उल्कापाताने झालेलं, खारं, धुण्याच्या सोड्यासारखं पाणी असलेलं आणि २०२० पासून रामसर यादीत असलेलं. इथून पुण्याच्या संशोधकांनी मिथेन बनवणारे जीव प्रयोगशाळेत वाढवले. २००७ साली 'मायक्रोबियल इकॉलॉजी'त त्यांची नोंद झाली, ती अशी: मिथॅनोकॅल्क्युलस एसपी. आणि मिथॅनोक्युलियस एसपी.

हा 'एसपी.' पोलिसांतला नाही. त्याचा अर्थ, आडनाव कळलं, पण नाव ठरलेलं नाही.

मग नाव ठरतं कसं? आधी तो जीव ऑक्सिजनविना, बंद बाटलीत, एकटा वाढवावा लागतो. यातच महिनोन्महिने जाऊ शकतात. मग '१६एस' जनुक ओळखीच्या प्रजातींशी ताडून पाहतात. साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल, तर नवी प्रजाती असण्याची शक्यता वाढते. त्याहून जास्त असेल तर पूर्ण जीनोम तपासतात. तो जीव काय खातो, किती तापमान आणि किती खार सोसतो, हेही लिहावं लागतं. शेवटची अट सगळ्यात अवघड: जिवंत नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवायचा, म्हणजे तो कुणालाही मागवून तपासता येतो.

हीच गोष्ट मिथेन खाणाऱ्या जीवांचीही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाला भाताच्या शेतात काकडीच्या आकाराचा असा एक जीव मिळाला. मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट तापवतो, त्यामुळे तो खाणारा जीव मोलाचा. २०१८ साली त्याचं नाव छापून आलं, मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. पण त्याआधी एक शब्द जोडलेला होता: 'कँडिडेटस'. म्हणजे तेव्हा तो उमेदवारच होता!