तळटीप : झुबिन मेहता यांच्या मैफलींची मुद्रणे

* सदरहू मजकुरात उल्लेखिलेले वाद्यवृंदसंचालक म्हणजे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबिन मेहता (जन्म मुंबई, १९३६). जून १९९४ मध्ये, वेढ्यात सापडलेल्या सारायेव्हो शहरी, तोफांच्या माऱ्याने भस्मसात झालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्न भिंतींमध्ये, तेथीलच वाद्यवृंद व गायकवृंद घेऊन त्यांनी मोत्सार्टचे ‘रेक्विएम’ सादर केले, त्याचे मुद्रण जतन झाले हे रसिकांचे थोर भाग्य होय. कारण त्या स्थलकालाचा जो संस्कार त्या स्वरांवर उमटला आहे, तो ध्वनिमुद्रणगृहातील कितीही निर्दोष प्रयोगास साधणे अशक्य. रोममधील काराकाला स्नानगृहांच्या अवशेषांत ७ जुलै १९९० रोजी त्यांच्याच संचालनाखाली झालेल्या तीन गायकांच्या मैफलीची तबकडी कितीतरी अधिक खपली. जिज्ञासूंनी मात्र आधी सारायेव्होचेच मुद्रण ऐकावे. — संपादक