कंदील, रॉकेलचा
वाऱ्यातही न विझणारा हातदिवा. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते, काच तिला झुळकेपासून राखते. महाराष्ट्रात ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत रात्रीच्या ओलिताला किंवा जागलीला, वीज गेली आणि बॅटरीही उतरली की कंदीलच खरा आधार. त्याला चार्जिंग लागत नाही. एलईडी अधिक सुरक्षित, हा आक्षेप रास्त आहे. रेशनचे रॉकेल आटले, हेही खरे. म्हणून कंदिलाची जागा पहिली नव्हे, राखीव आणि उघड्यावरची. वात सरळ कापून ज्योत बेताची ठेवली की काच काजळत नाही. बंद खोलीत वा तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो. तिथे कंदील लावू नये. पेटता असताना भरू नये, टाकीत पेट्रोल कधीच घालू नये.