मनातली जात मोजायची कशी?

कासारवाडीहून आम्ही बोलतो आहोत. आज विषय मोजणीचा आहे. धान्य आपण पायलीने मोजतो, दूध लिटरने, गटाची बचत रुपयांत. पण एका समाजाच्या माणसांना दुसऱ्या समाजाबद्दल मनातून काय वाटते, हे कशाने मोजायचे? त्यालाही माप आहे. त्या मापाची गोष्ट शेवटी आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचते, म्हणून ती आज सांगायची.

आमच्या पिंपरी-चिंचवडला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी आली, पुढे मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून, पार बिहारपासून माणसे कामाला आली. कारखान्यात सगळे एकाच मशीनवर पाळीपाळीने उभे राहतात, एकाच कँटीनमध्ये जेवतात. खोली भाड्याने घ्यायला गेले की मात्र आडनाव विचारले जाते. मुलीचे स्थळ बघताना तर जात आधी, बाकी सगळे मागून. म्हणजे मनात पायऱ्या असतात. एका पायरीवर चालते ते दुसऱ्या पायरीवर चालत नाही.

१९२५ साली अमेरिकेत एमरी बोगार्डस नावाच्या अभ्यासकाने याच पायऱ्यांचे माप बनवले. अमुक वंशाचा माणूस तुम्हाला सोयरा म्हणून चालेल का? मित्र म्हणून? शेजारी म्हणून? बरोबर काम करणारा म्हणून? उत्तर कुठल्या पायरीवर अडते, त्यावरून मनातले अंतर कळायचे. आपल्याला यात नवल वाटायला नको. 'रोटी-बेटी व्यवहार' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होताच.

पुण्यातही असा अभ्यास झाला. डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे आणि वाय. बी. दामले यांनी खेड्यांतले समाज एकमेकांशी कसे वागतात याची पाहणी केली. ते पुस्तक १९६३ साली निघाले. त्यानंतर १९७२ च्या सुमारास बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम हाती घेतली. त्यांनी गावोगाव फिरून पाहिले, की सार्वजनिक विहिरीवर दलित बाईला हंडा भरता येतो का. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झालेला, अस्पृश्यता बंद करणारा कायदा १९५५ साली आलेला. तरी विहिरीवर जाऊन पाहावे लागले, कारण गावात नुसते विचारले तर "आमच्याकडे असले काही नाही" हेच उत्तर मिळते.

आता अलीकडची मोठी पाहणी. २०११-१२ साली दिल्लीची एन.सी.ए.ई.आर. ही संस्था आणि अमेरिकेतले मेरीलँड विद्यापीठ यांनी देशभरात ४२ हजारांहून जास्त घरांत जाऊन प्रश्न विचारले. त्यात एक प्रश्न असा होता: तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळते का? जे "नाही" म्हणाले, त्यांना लगेच पुढचे विचारले: मग अनुसूचित जातीचे माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आले, तुमची भांडी त्याने वापरली, तर चालेल का? पहिल्याला "नाही" म्हणणारी काही घरे या दुसऱ्या प्रश्नावर अडली. दोन्ही मिळून देशात सुमारे २७ टक्के घरे निघाली. म्हणजे चारांतले एक घर, त्याहून थोडे जास्तच.

मध्य प्रदेशाचा आकडा ५३ टक्के होता. आपल्या महाराष्ट्राचा सुमारे ४. ऐकून बरे वाटते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हापासूनच्या चळवळींचे हे फळ आहेच. पण चळवळ झालेल्या मुलखात काय बोलावे हेही माणसाला नीट कळते. "हो, पाळतो" म्हणायची लाज वाटते. ही लाजही कमाईच आहे. फक्त लाज वाटली म्हणजे वागणे बदललेच, असे धरून चालू नये.

वागणे तपासायची आणखी एक रीत आहे. आपल्या महाराष्ट्राचे सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे यायची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. साहेबाला तोंडी विचारले असते, तर तो म्हणाला असता, "आम्ही गुणच बघतो."

आम्हा बायांबद्दलची मतेही अशीच मोजतात. २०१६ पासून दिल्ली, मुंबई, राजस्थान, उत्तर प्रदेशात फोनवरून एक पाहणी झाली. नवरा चांगले कमावत असेल तर बायकोने बाहेर काम करावे का, असे त्यात विचारले. बाईला बाईने आणि पुरुषाला पुरुषाने विचारायचे, असा नियम ठेवला होता. कारण विचारणारा कोण, यावरही उत्तर बदलते. शेजारी सासू उभी असेल तर सुनेचे उत्तर वेगळे येणारच.

म्हणून गटातल्या मैत्रिणींना दोन गोष्टी सांगतो. पाहणीवाली दारात आली तर तिला टाळू नका, आणि शोभेल ते न सांगता घरात घडते ते सांगा. स्वयंपाकघर आपल्या हातात आहे, तेव्हा तो भांड्यांचा प्रश्न खरा आपल्यालाच आहे.

दुसरे, आपल्या गटाचे माप आपण घेऊन बघा. "जात कोण मानते?" असे विचारून हात वर करायला सांगू नका, एकही हात वर येणार नाही. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाका. लिहिता येत नसेल तिने "हो"साठी बरोबर आणि "नाही"साठी फुली करावी. प्रश्न साधे ठेवा. गेल्या वर्षात दुसऱ्या समाजाच्या मैत्रिणीकडे जेवलात का? ती तुमच्या चुलीपर्यंत आली का? हळदीकुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलावले का? चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजा, पण कुणाची कुठली हे शोधू नका. आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हेच प्रश्न, याच शब्दांत पुन्हा विचारा. शब्द बदलले तर आकडा कशामुळे हलला ते कळणार नाही. शब्द तेच ठेवून आकडा हलला, तर गटात काहीतरी खरेच बदलते आहे असे समजा.