ख्रिस्ती कुटुंबातील धर्मशिक्षण : सातारा व सांगली

ख्रिस्ती आईवडील आपल्या मुलांना घरी जे श्रद्धेचे शिक्षण देतात, त्याची ही नोंद. प्रार्थना, पवित्र शास्त्राचे वाचन, गायन, वचनांचे पाठांतर, सणवार आणि मंडळीच्या कामातला सहभाग ही या शिक्षणाची अंगे होत. सातारा व सांगली जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज थोडा आणि विखुरलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १०,८०,०७३ होते, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्यांतही मोठा भाग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातला. कराड, वाई किंवा तासगावच्या शाळेत एखादे मूल वर्गातले एकटेच ख्रिस्ती असू शकते. अशा मुलाला आपला धर्म आजूबाजूला बघून, ऐकून कळत नाही. तो त्याला घरातच शिकावा लागतो, आणि म्हणून या भागात आईवडिलांवरची जबाबदारी इतर ठिकाणांपेक्षा जड आहे.

शास्त्राधार : जुन्या करारात ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्याचे, घरीदारी, उठता-बसता त्यांविषयी बोलण्याचे काम आईबापांवर सोपवले आहे. नव्या करारात तीमथ्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आल्याचा उल्लेख येतो. मराठी मंडळ्यांत मातृदिनाच्या उपदेशासाठी हे दोन दाखले हमखास निवडले जातात. इफिसकरांस पत्रात बापांना एक ताकीदही आहे : मुलांना शिस्त लावावी, पण त्यांना चीड येईल असे वागू नये.

मिशनकाळ : अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत कामाला सुरुवात केली आणि १८४९ च्या सुमारास साताऱ्यात ठाणे उभारले. पुढे हेन्री ब्रूस यांनी साताऱ्यात छापखाना चालवून लहान लहान पुस्तिका व पत्रके काढली. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम आरंभले. हे काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले आणि तिथून सांगली-मिरजेपर्यंत पोचले. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उघडले. रुग्णालयातल्या परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक आणि पाळक यांची घरे मिळून मिरजेची ख्रिस्ती वस्ती वाढली.

पहिल्या पिढीतले आईबाप स्वतःच या धर्मात नवे होते. मूल शाळेत प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा शिकून येई आणि घरी आईला म्हणून दाखवी. अक्षरओळख नसलेली आई ती ऐकून पाठ करी. मिशन कंपाउंडमध्ये शाळा, देऊळ (चर्च) आणि वसतिगृह हाकेच्या अंतरावर असल्याने धर्मशिक्षणाचा बराच भार संस्थांनी उचलला होता. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी क्रमाने परतले, नोकरीपाण्यासाठी कुटुंबे कंपाउंडबाहेर पडली आणि तो भार घरांवर आला.

टिळक कुटुंब : या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरचे आहे. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा मुलगा देवदत्त जेमतेम चार वर्षांचा होता. पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ ब्राह्मण घरातल्या, सोवळे-ओवळे काटेकोर पाळणाऱ्या. नवराबायकोची ताटातूट झाली आणि मुलगा आईजवळ राहिला. काही वर्षांनी संसार अहमदनगरला पुन्हा जुळला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाला पटल्यावर. एकाच घरात बापाचा धर्म एक आणि आईचा दुसरा असताना मुलाला काय शिकवायचे, हा पेच लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या वाचकांना त्या माउलीच्या बाजूने अनुभवता येतो.

टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन साताऱ्यास राहिले. ‘देवाचा दरबार’ ही त्यांची कल्पना याच काळातली : ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा, पण परक्या संस्थेच्या चौकटीत न अडकणारा मेळा. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मागे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग रचला आणि शेवट देवदत्तांनी केला. बापाने आरंभलेले, आईने वाढवलेले आणि मुलाने पुरे केलेले ख्रिस्तचरित्र मराठीत आहे, हे घरातल्या धर्मशिक्षणाचे फळच म्हटले पाहिजे.

टिळकांची आणखी एक देणगी रोजच्या वापरातली आहे. अभंग, ओवी, भजन या ओळखीच्या चालींत त्यांनी ख्रिस्ती गीते रचली आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ती घराघरांत गेली. वाचता न येणाऱ्या आजीलाही ती तोंडपाठ असत, आणि नातवंडे आजीकडूनच ती उचलत.

घरची पद्धत : संध्याकाळी जेवणाआधी किंवा नंतर होणाऱ्या प्रार्थनेला ‘कौटुंबिक प्रार्थना’ म्हणतात. सतरंजी अंथरली जाते, ‘उपासना संगीत’मधले एक गीत होते, पेटी वाजवणारे कोणी असले तर पेटीवर. मग शास्त्रातला उतारा. त्यातली वचने पाळीपाळीने वाचली जातात. नुकतेच वाचू लागलेले मूल बोट ठेवून एकच वचन वाचते आणि ‘परुशी’, ‘नबुखद्नेस्सर’ अशा शब्दांशी अडखळले की मोठी भावंडे सांगतात. शेवटी आई किंवा वडील प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेत मुलाची परीक्षा असते, शेजारच्या आजारी काकू असतात, द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस न येवो ही विनवणीही असते. धर्म आणि संसार वेगळे नाहीत हे मूल इथे कोणी न सांगता शिकते. रविवारी शब्बाथ शाळेत ‘सोनेरी वचन’ म्हणून दाखवायचे असते. त्याची तयारी शनिवारी रात्री स्वयंपाकघरात होते. नाताळला करंज्या-चकल्यांची ताटे शेजाऱ्यांकडे पोचवायला मुलांनाच धाडतात.

सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले कसोटी क्रिकेटपटू विजय सॅम्युएल हजारे हे अशाच एका मराठी प्रॉटेस्टंट शिक्षकाच्या आठ मुलांपैकी एक. मुलाचे नाव विजय आणि वडिलांचे सॅम्युएल, ही जोडी या भागातल्या ख्रिस्ती घरांत नवलाची नाही.

पंथभेद : प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. त्या वेळी त्याला विश्वासात वाढवू असे वचन आईबाप मंडळीसमोर देतात. मूल कळते झाल्यावर पाळकांच्या वर्गात शिकून दृढीकरणाच्या वेळी तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करते. पेंटेकोस्टल व बाप्तिस्त मंडळ्यांत बाळाचे अर्पण होते आणि बाप्तिस्मा समज आल्यावर. पुणे धर्मप्रांतात मोडणाऱ्या या जिल्ह्यांतल्या कॅथलिक घरांत जपमाळ आणि पहिल्या कम्युनियनची तयारी महत्त्वाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक असल्याचे स्पष्ट केले.

कायदा व शाळा : संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला ते द्यायचे तर पालकाची संमती लागते. दलित ख्रिस्ती कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहायचा, हा प्रश्न घरात निघतो आणि त्याचे उत्तर मुलाला आईबापांनाच द्यावे लागते.

सद्यःस्थिती : इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी पवित्र शास्त्राची भाषा जड जाते, म्हणून अनेक घरांत सोप्या मराठीतली किंवा इंग्रजी प्रत शेजारी ठेवतात. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले मोबाइलवरून घरच्या प्रार्थनेत सामील होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळ्या बालकांची बायबल शाळा भरवतात. तिथे शिकवायला पुष्कळदा त्याच मंडळीत वाढलेल्या तरुण मुली पुढे येतात.